मारोतभाऊ, तू पेला नव्हता

मारोतभाऊ, सात वर्षं मी तुला अहो-जाहो केलं. तू वयानं मोठा, आणि तुझ्यासमोर माझी मान तशीही खालीच असायची. आज मात्र 'तू' म्हणतो. रागावलेल्या माणसाला अहो-जाहो जमत नाही, आणि मी तुझ्यावर भयंकर रागावलो आहे. काल रविवारी तुझी तेरवी झाली. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, ते काल मांडवात चार जणांनी बोलून घेतलं. "मनमिळाऊ स्वभाव" म्हणाले. मनमिळाऊ! तू! "विहिरीतली मोटार बिनपाण्यानं कोल्डी चालवाची, जाळाची, अन् मंग माह्याकडे रडत याचं" असं म्हणून गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढणारा माणूस मनमिळाऊ कधी झाला, देव जाणे.

मांडवाच्या मागे, हात धुवायच्या नळापाशी, लोक वेगळंच बोलत होते. "शेवटी त्याच्यातच गेला." "बारा वर्सं सोडली होती म्हणे. सुटते काय बाप्पा?" दोघंही तुझ्या तेरवीचं जेवून हात धूत होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मारावासा वाटला. मारला नाही, कारण मला तो अधिकारच उरलेला नाही.

तू त्या सोमवारी प्यायला नव्हतास. हे मला माहीत आहे, दवाखान्यातल्या डॉक्टरला माहीत आहे, तुला तिथे पोचवणाऱ्या शकुनबाईला माहीत आहे. गाव मानत नाही. आणि गावाला जे वाटलं तेच, भाऊ, त्या दुपारी मलाही वाटलं होतं.

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. साडेतीनचा सुमार. गजूचा फोन आला. फाटकाजवळचा पानठेलेवाला गजू, ज्याच्याकडून तू सुपारी घ्यायचास आणि दर वेळी ती शिळी आहे म्हणून भांडायचास. "सर, तुमचे मारोतभाऊ पुन्हा सुरू झाले वाट्टे. अठी टिनाच्या शेडखाली पडून हायेत. ओकले बी. काई तरी बडबडून राह्यले, पण समजून नाई राह्यलं. वास तं लय येऊन राह्यला."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. मग दिगांबरला फोन केला. दारू सोडणाऱ्यांच्या आपल्या बैठकीतला दिगांबर, ऑटोवाला, चार वर्षं कोरडा. म्हटलं, भाऊ पडला. तो म्हणाला, "भाऊचाच नियम हाय, सर. सकायी पाहू." मीही म्हणालो, सकाळी पाहू. आणि पुढचा पेपर घेतला. त्यात एका पोरीनं वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर काढलं होतं, तिला पूर्ण मार्क दिले. हे मला अजून आठवतं, याचीच चीड येते.

तुझा नियम. "पेलेल्या माणसासंगं बोलाचं नाई, त्याले उचलाचं नाई, समजवाचं नाई. सकायी सात वाजता दुकानात ये म्हणाचं, अन् चहा ठेवाचा." हा नियम मी तुझ्या तोंडून निदान शंभरदा ऐकला असेल. माझ्यावरच तो तीनदा चालवलास. मी पिऊन तुला फोन केला की तू "सकायी" एवढा एकच शब्द बोलून फोन ठेवायचास. मी शिव्या द्यायचो, रडायचो, पुन्हा लावायचो. तू उचलायचा नाहीस. सकाळी सातला दुकानाचं शटर अर्धं वर असायचं, स्टोव्हवर चहा असायचा, आणि रात्रीचा एक शब्दही निघायचा नाही. त्या नियमानं मला वाचवलं. ते मी नाकारत नाही. त्याच नियमानं तुला अडीच तास टिनाखाली पडू दिलं.

सहाच्या सुमारास शकुनबाई वीटभट्टीवरून परतत होती. शकुनबाई आपल्या बैठकीतली एकटी बाई. तिच्याकडे फोन नाही, म्हणून तिला कोणी कळवलं नव्हतं. माणसं तुला वळसा घालून जात होती. ती थांबली. खाली बसली आणि तिनं तुझ्या तोंडाचा वास घेतला. बाकी सगळ्यांनी कपड्यांचा घेतला होता. मग ती उठून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि पहिली आलेली पिकअप तिनं अडवली. गजू सांगत होता, ती त्यांच्या गोंडीत ओरडत होती, कोणाला एक अक्षर कळलं नाही, पण चार माणसं आपोआप पुढे आली आणि तुला उचलून गाडीत घातलं.

मेंदूतली नस फुटली होती. म्हणून तोल गेला, म्हणून ओकलास, म्हणून जीभ जड झाली. डॉक्टरनं रक्त तपासलं, दारूचा थेंब नव्हता. मंगळवारी सकाळी तू गेलास. मी डॉक्टरला विचारलं, दोन तास आधी आणलं असतं तर? तो तरुण पोरगा, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढा. म्हणाला, "सांगता येत नाही, सर." हो म्हणाला असता तर रडलो असतो, नाही म्हणाला असता तर सुटलो असतो. हे 'सांगता येत नाही' मला आता मरेपर्यंत पुरणार आहे.

आणि तो वास. तुझ्या अंगाला तो कायम असायचा, वॉर्निश आणि थिनरचा. मोटार भरून झाली की कॉइलवर वॉर्निश ओतायचं, उन्हात सुकवायचं. तीस वर्षं तू तेच केलंस. बैठकीत नवा माणूस आला की तुझ्या शेजारी बसून अस्वस्थ व्हायचा आणि तू म्हणायचास, "घाबरू नोको गा, हे पेयाचं नाई, लावाचं हाय." पीत होतास तेव्हा याच वॉर्निशच्या आड तू घरी वास लपवायचास, हेही तूच हसत सांगितलंस. कुसुमवहिनींना कित्येक वर्षं कळत नव्हतं म्हणे, आजचा वास कामाचा की बाटलीचा. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं.

तुझ्याकडे मी आलो तो दिवस आठवतो का? तुला आठवत असणारच, तू ती गोष्ट वर्षातून चारदा सांगायचास आणि दर वेळी माझे हात जास्तच थरथरायचे. मुख्याध्यापकांनी मला शेवटची ताकीद दिली होती. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली होती. कोणीतरी तुझं नाव कानात सांगितलं होतं. तुझ्या दुकानासमोर अर्धा तास घिरट्या घालून मी आत आलो आणि म्हणालो, "मोटार भरायची होती."

"कितीची हाय?"

"दोन... तीन एचपी."

"विहीर कुठी हाय तुमची?"

मला विहीर नाही, शेत नाही, इथे सिंदी गावात भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तू माझ्या हातांकडे पाहिलंस. एक स्टूल पायानं पुढे सरकवलंस. "बसा सर. जळाली हाय खरी. पण ते तारेनं भरत नाई."

त्यानंतर गावासाठी तूच ती थाप पसरवलीस की मास्तरची मोटार सारखी जळते. आपल्या बैठकीतलं बाहेर न्यायचं नाही, कोण येतं ते सांगायचं नाही, आडनाव तर आतही विचारायचं नाही. मग मास्तर रोज संध्याकाळी मारोतच्या दुकानात का, याला काहीतरी कारण पाहिजे. सात वर्षं माझी नसलेली मोटार जळत राहिली. गजू मला एकदा फार काळजीनं म्हणाला, "सर, ते मोटारच बदलून टाका ना आता." आपण दोघं त्या दिवशी इतके हसलो की तुझ्या हातातला तारेचा गुंडाळा सुटला.

हसायचास तू. तेही लिहायला पाहिजे, नाहीतर मी तुला नुसता खडूस करून ठेवीन.

आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दुकान नाही, पाटी नाही, बाकी सगळं आहे. मागितली की घरी येते. इथल्या दारुड्याला एक ओझं जास्तीचं, तो आजारीही असतो आणि चोरही. तू म्हणायचास, "बाहेरचा माणूस पेला तं लोक म्हणते पेला. आपला पेला तं लोक म्हणते कुठून आणली?" वाचनालयामागच्या त्या खोलीत दर मंगळवारी सहा वाजता तू आम्हा चोरांना बसवलंस. कधी नऊ जण, कधी तिघं. एका पावसाळ्यात आपण दोघंच होतो. तू तरी उभा राहिलास, "माझं नाव मारोत, मी दारुडा आहे" म्हणालास, मला एकट्याला, जसा काही हॉल भरला आहे. मला हसू आलं. तू थांबून माझ्याकडे असं पाहिलंस की मी उठून माझंही सांगितलं.

आणि तान्हा पोळा. आख्खं गाव लाकडी नंदी घेऊन रस्त्यावर, पाहुणे घरोघरी, आणि आपल्यासारख्यांना वर्षातला सगळ्यात वाईट दिवस, कारण त्या दिवशी नको म्हणणाऱ्याला लोक वेडा समजतात. तू त्या दिवशी सगळ्यांना सकाळपासून दुकानात डांबून ठेवायचास. प्रत्येकाच्या हाती एकेक कॉइल द्यायचास. तारेचे फेरे मोजा. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराचं मोजणं साठ-सत्तरवर आलं की चुकायचं. "गेलं? सोडा सारं. पुन्हा पह्यल्यापासून." शकुनबाईचं कधी चुकायचं नाही. दिगांबर गाणी म्हणायचा. बाहेर ढोल वाजत असायचे आणि आत आम्ही पाच-सहा दारुडे शाळेतल्या पोरांसारखे तोंडातल्या तोंडात आकडे मोजत असायचो. सूर्य मावळला की तू प्रत्येकाचा चेहरा पाहायचास आणि म्हणायचास, "झाला पोळा. जा आता घरी." पोरगी सहा वर्षांची असताना मला सोडून गेली होती ना, ती परत आली ती अशाच एका पोळ्यानंतर. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुझे आभार मानले की तू अंगावर यायचास.

मग राग कशाचा, विचारशील. ऐक.

तुझ्या त्या गोळीचा राग आहे. गेल्या वर्षी तुझं बीपी निघालं. डॉक्टरनं सांगितलं, रोज एक, आयुष्यभर. तू तीन महिने घेतलीस आणि बंद केलीस. मला दुकानाच्या कपाटात पाकीट तसंच दिसलं तेव्हा मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "नाई घेत. एक दिवस चुकली तं डोकं जड होते. म्हणजे सवयच झाली का नाई? एका सवयीतून सुटाले माहे बारा वर्सं गेले, आता दुसरी लावून घेऊ?"

मी म्हटलं, "भाऊ, ते औषध आहे."

"मीबी दारूले औषधच म्हणो."

"अहो पण रक्तदाबाची गोळी आणि दारू..."

"सवय ते सवय, मास्तर. ज्याच्याशिवाय जमत नाई ते माह्यासाठी दारूच."

मी आवाज चढवला, तू पाना आपटलास. दिगांबर तिथेच होता, आणि त्यानं मान डोलावली! त्याला ते पटलं! आपल्याच लोकांना असली गोष्ट पटू शकते. आणि खरं सांगू का, मलाही थोडी पटली. घरी जाऊन मी माझी झोपेची गोळी फेकून दिली. तू असं ठामपणे बोलायचास की माणसाला आपली अक्कल लाजिरवाणी वाटायची. दोन महिन्यांपासून तुझं डोकं दुखत होतं, कपाळाला रुमाल आवळून तू मोटारी भरत होतास, आणि मी पुन्हा वाद घातला नाही. वाद अर्धाच राहिला. आता एकट्यानं पुरा करतो. तू चुकलास, मारोतभाऊ. कोरडं राहण्याच्या हट्टापायी तू मेलास. तुला स्वतःवर एवढा अविश्वास होता की एका पांढऱ्या गोळीलाही तू बाटली समजलास.

आता दुसरं, आणि हे सांगताना मला माझीच किळस येते. गजूचा फोन ठेवला तेव्हा मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, एक क्षण, मला बरं वाटलं. बरं वाटलं, भाऊ. सात वर्षांत मी तीनदा पडलो. तीनही वेळा तू ओरडला नाहीस, टोमणा मारला नाहीस, नुसता चहा दिलास. तुझ्या त्या चहाचं मला ओझं झालं होतं. तू कधीच पडत नव्हतास. आणि त्या दिवशी वाटलं, पडला एकदाचा. आता हा माझ्यासारखा झाला. आता सकाळी सातला मी याच्यासाठी चहा ठेवीन. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती, तुला काय म्हणेन, कसा उदार होईन. तू तिकडे टिनाखाली मरत होतास आणि मी इकडे उदार व्हायची तालीम करत होतो.

हे मी काल माइकवर सांगितलं नाही. बाकीचं सांगितलं.

झालं असं की कुसुमवहिनींनी मला सहाव्या-सातव्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. ओसरीत बसल्या होत्या, डोक्यावर पदर, डोळे कोरडे. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. "सर, तुमी शिकले-सवरले. लोक तुमचं आयकते. तेरवीले तुमी उभे राहून सांगजा, माहा माणूस पेला नव्हता." मी म्हटलं, सांगतो. "नाई, तसं नाई," त्या म्हणाल्या, "शप्पत घेऊन सांगजा. एकेकाच्या डोयात पाहून सांगजा." इतक्या जोरानं त्यांनी माझा हात धरला की मी दचकलो. गजूनं मला फोन केला होता हे त्यांना माहीत नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ओसरीत आम्ही दोघंच होतो. मी चहा पिऊन उठलो.

काल जेवणाआधी श्रद्धांजलीचे दोन शब्द झाले. माझं नाव पुकारलं, "आता अरुण सर बोलतील." मी एक छापील भाषण मनात तयार केलं होतं. त्यात तू प्यायला नव्हतास हे होतं, डॉक्टरचा हवाला होता, आणि मी कुठेच नव्हतो. माइक हातात घेतला. समोर माझ्या शाळेतल्या पोरांचे आई-बाप, संस्थेचे एक संचालक, मागे टेकून उभा गजू. शकुनबाई कडेला जमिनीवर बसली होती.

मी म्हणालो, "माझं नाव अरुण. मी दारुडा आहे."

मांडवात कोणीतरी हसलं. मी सांगितलं की माझी कुठलीही मोटार कधी जळली नाही, मी सात वर्षं या माणसाकडे दारू सोडायला जात होतो. सांगितलं की बारा वर्षं यानं थेंब घेतला नाही, मरतानाही नाही, तो वास वॉर्निशचा होता. आणि सांगितलं की साडेतीन वाजता मला फोन आला होता, ज्यानं त्याला सगळ्यांत आधी ओळखायला पाहिजे होतं त्या मलाच तो प्यायलेला वाटला, आणि मी गेलो नाही. "तुम्ही त्याला दारुडा म्हणता, तर मला आधी म्हणा." एवढं बोलून बसलो.

मग काय झालं? काही नाही. पंगत बसली. वाढपी "वरण, वरण" करत फिरले. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही; आज ना उद्या शाळेत बोलावणं येईल. आणि नळापाशी ते दोघं तसंच बोलले, जे मी वर लिहिलं. म्हणजे माझ्या भाषणानंतर! ऐकून, जेवून, पुन्हा "त्याच्यातच गेला". लोकांना तुझं मरण असंच हवं होतं, भाऊ. तू सुटलास हे मान्य केलं तर त्यांच्या घरातल्याला सुटायला काय धाड भरली, हा प्रश्न येतो.

वहिनी आत निघून गेल्या. मी भेटायला गेलो तर दाराशी शकुनबाईनं अडवलं. "तिले पह्यले सांगाचं होतं, मास्तर. घरात, एकटीले. गावासमोर कायले? तुमाले मोकयं व्हाचं होतं म्हणून?" ती पुढे म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी साडेतीनलेच गेली असती. तुमचा थो नियम मले कधी समजलाच नाई. पडला माणूस तं पाहावं ना, काऊन पडला." बारा वर्षं चाललेल्या आपल्या बैठकीत एवढं साधं बोलणारी एकच बाई होती आणि आपण तिला फेरे मोजायला लावत होतो.

वहिनी आता मला तोंड दाखवू देणार नाहीत असं समजून मी घरी आलो. इथपर्यंत सोमवारी लिहिलं. इथेच थांबणार होतो.

पण आज बुधवार आहे, आणि मला पुढचं लिहावं लागतं आहे. काल मंगळवार होता. मागच्या मंगळवारी खोली उघडलीच नव्हती, कारण किल्ली तुझ्याकडे. काल आम्ही पाच जण बाहेर ओट्यावर बसलो. दिगांबर म्हणाला, बंदच करू आता, भाऊ नाही तर कशाला. मी त्याला म्हटलं, "पिऊन नाही ना आलास?" तो उखडला. मी म्हटलं, "मग बस." मी सांगितलं की मी तुला काहीबाही लिहितो आहे, त्यानं बरं वाटतं असं नाही, पण हात गुंतलेला राहतो. आणि तो नियमही आम्ही तिथेच मोडला. बदलला, म्हणू. यापुढे कोणी पडला असं कळलं की दोघांनी जायचं, जवळ बसून पाहायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही, ठीक आहे, पण जायचं. दिगांबर म्हणाला, भाऊला आवडलं नसतं. मी म्हटलं, भाऊला गोळीही आवडत नव्हती.

सव्वासहाला वहिनी आल्या. पायी, एकट्या. पदराच्या गाठीत किल्ली. त्यांनी ती कोणाच्या हातात दिली नाही, स्वतः कुलूप काढलं, दाराशी दिगांबरशी दोन शब्द बोलल्या, आणि आत जाऊन बसल्या. बाहेरच्यांना बसू द्यायचं नाही हाही तुझा एक नियम. काल तोही मोडला. सगळ्यांचं सांगून झालं. माझं नाव अमुक, आज इतके दिवस. मी शेवटी सांगितलं, माझे अकराशे नऊ दिवस आणि तुझ्याशिवायचे चौदा.

मग वहिनी उभ्या राहिल्या. मला वाटलं आता माझी पाळी. मी मान खाली घातली.

"माहं नाव कुसुम," त्या म्हणाल्या. "मी कधी पेली नाई. माहा माणूस बारा वर्सं पेला नाई. बारा वर्सं थो घरी आला का मी रोज त्याचा वास घेतला. त्याले समजू न देता. कपडे घडी करताना, ताट वाढताना. थो झोपला का. एकबी दिवस सोडला नाई."

शकुनबाईनं त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. त्यांनी घेतली नाही.

"सर, तुमी त्या दिवशी माइकवर सांगतलं अन् मोकये झाले. मी घरात जाऊन भितीले डोकं लावून बसली. मले वाटे मी तुमच्यावर रागावली. रागावली नव्हती. तुमी माहंच बोलून राह्यले होते." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काही आणायला सांगावं तशा म्हणाल्या, "तुमी त्याले लिहून राह्यले म्हणे, दिगांबरनं सांगतलं आत्ता. माहंबी लिहजा त्याच्यात. लिहजा का गजूनं पाच वाजता कुसुमलेबी फोन केलता. अन् ती म्हणली, पडू दे."